घाटाच्या आळीतलं बंद घर पुन्हा राहतं करताना

साताऱ्याचा फ्लॅट सोडून आम्ही वाईत घाटाच्या आळीतल्या जुन्या घरात राहायला आलो त्याला आता बरीच वर्षं होत आली. तेव्हापासून ओळखीतले ज्यांचं ज्यांचं कुठे ना कुठे असं कुलूप घातलेलं घर आहे, कुणाचं मिरजेला, कुणाचं कराडला, माझ्या एका मैत्रिणीचं तर थेट वेंगुर्ल्याला समुद्राच्या बाजूला, ते सगळे फोन करून विचारतात की बाई तुम्ही नक्की काय काय केलंत, किती त्रास झाला, आणि राहता येतं का खरंच. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यात सांगितलंय, आता एकदा सगळं सलग लिहून काढते.

आधी माझं मत सांगते, मग बाकीचं. जुनं घर सगळ्यात लवकर जातं ते कुलपामुळे. पाऊस, वाळवी, नदी हे सगळं त्या घराने शंभर-दीडशे वर्षं पाहिलेलंच असतं. घरात माणूस असेल तर जूनमध्ये एक कौल सरकलं की त्याच रात्री टपटप ऐकू येते, सकाळी कुणीतरी शिडी लावून वर चढतं आणि विषय संपतो. कुलूप असलं की तेच कौल गणपतीला कुणी दार उघडेपर्यंत तसंच राहतं, तोपर्यंत खालचा वासा दोन-तीन महिने भिजलेला असतो, पुढच्या वर्षी तो वाकतो, त्याच्यामागे आणखी दहा कौलं घसरतात आणि मग पाणी थेट भिंतीच्या मातीत. आमच्या आळीतली जी घरं पडली ती सगळी अशीच पडली, आधी दहा-बारा वर्षं बंद, मग एका पावसाळ्यात मागची भिंत, मग नुसतं जोतं आणि त्यावर वाढलेलं रुचकीचं रान.

घर माझ्या सासऱ्यांच्या आजोबांचं. वाई म्हटलं की बाहेरच्या लोकांना ढोल्या गणपती आठवतो आणि पुढे पाचगणी-महाबळेश्वरचा रस्ता, पण वाईचा कृष्णाकाठ म्हणजे ओळीने घाट आणि प्रत्येक घाटामागे त्याची आळी, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या इथल्या रास्त्यांच्या घरातल्या, त्यामुळे पेशवाईत रास्त्यांकडे पैसा आणि अधिकार दोन्ही आले आणि त्यातून देवळं नि घाट उभे राहिले, काशीविश्वेश्वर १७५७ चं, ढोल्या गणपती १७६२ चा. आमचं घर काही तेवढं जुनं नाही आणि रास्त्यांच्या वाड्यासारखं मोठंही नाही, पण बांधायची पद्धत तीच. कमरेएवढं काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, भिंती खाली दगडाच्या आणि वर विटा नि पांढऱ्या मातीच्या, पुढे सोपा, मग छोटा चौक, माजघर, आत अंधारं देवघर, मागे परस आणि परसात आड. नदीपासून दुसऱ्या ओळीत. आजेसासूबाई गेल्या तेव्हापासून बंद होतं, किल्ली समोरच्या काकूंकडे, आणि आम्ही वर्षातून कधीतरी जाऊन देवाला दिवा लावून यायचो.

सुरुवात कागदांपासून झाली आणि ज्यांना कुणाला हे करायचंय त्यांनी पण तिथूनच करावी, गवंडी नंतर. मिळकत पत्रिका काढली, म्हणजे आपण ज्याला सिटी सर्व्हेचा उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते, तर त्यावर अजून सासऱ्यांच्या वडिलांचंच नाव. मग वारस नोंद. मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज, मग नोटीस निघते, हरकत घ्यायला मुदत असते, ती संपली की फेरफार होऊन नावं चढतात. ऐकायला सरळ आहे, पण आमच्याकडे हिस्सेदार पुणे, ठाणे, सांगली असे विखुरलेले आणि एकाचा मृत्यूचा दाखला मिळेपर्यंत दुसऱ्याची सही अडलेली असं चालायचं. ह्यात एकच गोष्ट कामाची, सगळ्यांशी आधी बोलून घ्या, कागद नंतर पाठवा. कुरिअरने थेट हक्कसोडपत्राचा मसुदा गेला की माणूस बिथरतो आणि ते बरोबरच आहे, त्यांचं पण लहानपण त्याच ओसरीवर गेलंय.

बाकीच्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं (ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, आणि स्टॅम्प किती लागेल ते नात्यावर ठरतं, त्यामुळे वकिलाला विचारूनच करा), पण सांगलीच्या आत्यांनी नाही दिलं. आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो, जेवणं झाल्यावर त्या यांना म्हणाल्या, "अरे मला पैसा नको, खोली नको, पण उताऱ्यावर माझं नाव राहू दे, माझ्या बाबांचं घर आहे ते." वकिलाचं म्हणणं होतं की पुढे अडचण होईल, नाव काढून घ्या. आम्ही राहू दिलं. साध्या भाषेत एक समजुतीचा करार केला की दुरुस्तीचा खर्च आमचा, राहणार आम्ही, गणपतीत आणि कृष्णाबाईच्या, म्हणजे नदीच्या, उत्सवात ज्याला यायचंय त्याने यावं, आणि कुणीही एकट्याने घर विकायचं नाही. मला अजूनही वाटतं की आमच्या सगळ्या कामातला तो सगळ्यात चांगला कागद आहे.

मग परवानगी. नदीकाठच्या गावात राहायचं तर निळी रेषा आणि लाल रेषा हे दोन शब्द माहीत पाहिजेत. साधारण २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची ती निळी पूररेषा आणि १०० वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची लाल, या रेषा जलसंपदा विभाग आखतो आणि नगरपालिका त्याप्रमाणे परवानगी देते. नदी ते निळी रेषा एवढ्या पट्ट्यात नवीन बांधकाम करता येत नाही. म्हणून घाटालगतचं जुनं घर एकदा पाडलं की त्या जागी पुन्हा घर उभं राहीलच असं नाही, हे आमच्या कितीतरी लोकांना पाडल्यावर कळलं. आम्ही आहे त्या मापात, आहे त्या उंचीत दुरुस्ती एवढाच अर्ज केला, जुने फोटो आणि मोजमापाचा नकाशा जोडला. तुमची जागा नदीकाठी असो की समुद्राकाठी, पाडायच्या आधी तिथला नियम काय ते लेखी विचारून घ्या. समुद्राकाठी भरतीरेषेपासून मोजणारे वेगळे सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम आहेत, वेंगुर्ल्याच्या मैत्रिणीला मी तेच सांगितलं.

बांधकामाचं. पहिला जो कॉन्ट्रॅक्टर बघायला आला त्याने चौकात उभं राहूनच सांगितलं की पाडा आणि आरसीसी करा, ह्यात काही राम नाही. दुसऱ्याने सिमेंटचा गिलावा आणि वर पत्रा असं इस्टिमेट दिलं. माजघराच्या एका भिंतीला कुणीतरी आधीच पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सिमेंट लावलेलं होतं आणि तीच भिंत सगळ्यात खराब झालेली, खालून हात-दीड हातापर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारे क्षार, लागून पोपडे सुटलेले आणि ठोकलं की आत पोकळ वाजायचं. हे कोडं आम्हाला उलगडलं ते वाईजवळच्याच एका गावचे गवंडीमामा आले तेव्हा. वय झालेलं, काम जवळपास सोडलेलं, नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून आले. त्यांनी त्या भिंतीवर नुसता तळहात ठेवला आणि म्हणाले, "ताई, ह्या भितीला खालनं ओल येती ती येणारच, नदी हाय शेजारी. पर आधी ती बाहीर पडत हुती. शिमिटनं तिचं तोंड बांधलं, आता ती आतल्या आत मातीला खातीया."

नंतर मी ह्यावर बरंच वाचलं आणि जाणकारांना विचारलं तर अगदी तेच. मातीची, विटांची भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि ते पाणी पृष्ठभागावरून वाळून जातं. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, तो पाण्याला जाऊ देतो. सिमेंटचा थर घट्ट, ओल अडकते, त्यातले क्षार मागे साठतात आणि विटेचा भुगा करतात. शिवाय जुनं घर थोडं हलतं, पावसाळ्यात लाकूड फुगतं उन्हाळ्यात आकसतं, त्या हालचालीला चुना साथ देतो आणि सिमेंट तडकतं, त्या तड्यातून आणखी पाणी. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका, कुणी फुकट लावून दिलं तरी नको.

तर चुना. हे काम मला सगळ्यात आवडलं म्हणून जरा सविस्तर लिहिते, घाई असेल त्यांनी पुढे जावं. कळीचा चुना आणायचा, पांढरे दगडासारखे खडे असतात, पिशवीतली पूड नको कारण ती किती जुनी आहे कळत नाही आणि हवेत राहिलेला चुना मेलेला असतो. परसात खड्डा करून आत विटा लावून टाकं केलं, त्यात पाणी आणि पाण्यात खडे. खडे पडले की पाणी खदखदा उकळायला लागतं, वाफा येतात, ते बघायला आळीतली सगळी पोरं भिंतीवर चढलेली आणि मामा त्यांना ओरडून लांब करतायत, कारण डोळ्यात थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो, तिथे चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना चाळून घ्यायचा आणि पाण्याखाली ठेवायचा, कमीत कमी दोन-तीन आठवडे, जितका जास्त राहील तितका लोण्यासारखा होतो. मग त्यात नदीची धुतलेली वाळू, सुरखी म्हणजे जुन्या भाजक्या विटांचा चुरा, आणि गूळ नि हिरडा भिजवलेलं पाणी. पूर्वी हे घाणीत (चुन्याच्या चक्कीत) मळायचे, दगडी गोल पन्हळ आणि त्यात बैल फिरवायचं चाक, आता तसं कुणाकडे नाही, आम्ही ग्राइंडिंगचं मशिन भाड्याने आणलं पण मामांनी शेवटचा हात फावड्यानेच मारून घेतला.

गिलावा लावायच्या आधी सिमेंट सगळं उतरवलं, सांधे खरवडले, भिंत बरेच दिवस नुसती उघडी ठेवून वाळू दिली. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. शेजारी विचारतात काम का थांबलं, घरचे विचारतात, आपल्याला वाटतं पैसे देतोय आणि नुसतं बसलोय. पण ओल्या भिंतीवर चढवलेला थर टिकत नाही. नंतर पातळ थर, त्यावर गोणपाट भिजवून लावायचं, कारण चुना सावकाश घट्ट होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो परत दगड बनत असतो आणि त्याला ओलसरपणा लागतो. उन्हात भसकन वाळला की भेगा. म्हणून भर उन्हाळ्यात हे काम नको आणि पावसात तर नकोच, दिवाळीनंतर ते होळीपर्यंत हा वेळ उत्तम.

लाकडाचं काम दुसऱ्या कारागिराकडे, सुतारकाका सातारारोडच्या बाजूचे. वाळवीने खाल्लेला खांब म्हणजे सगळा खांब गेला असं नसतं, बहुतेक वेळा खालचा टोकाचा भागच गेलेला असतो, जिथे तो दगडी तळखड्यावर बसतो तिथे. त्यांनी तुळईला टेकू देऊन खांबाचं कुजलेलं टोक कापलं आणि तेवढ्याच जुन्या सागाचा तुकडा खाचा करून सांध्यात बसवला. जुना साग पाडलेल्या घरांचं लाकूड विकणाऱ्यांकडे मिळतो, आणि खरं सांगू, तो घेताना मला वाईट वाटलं, कारण तो आमच्यासारख्याच कुणाच्या तरी माजघराचा होता. लाकडाला अळशीचं तेल दिलं. जिथे वाळवीचं भय जास्त तिथे काजूच्या टरफलांचं तेल, कोकणात होड्यांना आणि घराच्या लाकडाला पूर्वापार लावतात ते, पण ते अंगाला लागलं की भाजतं, फोड येतात, त्यामुळे ते सुतारकाकांनीच लावलं आणि वास जायला वेळ लागला.

कौलांचं थोडक्यात. नळीची कौलं आता सहज मिळत नाहीत आणि माकडं त्यांची वाट लावतात, त्यामुळे पुढे चौकाकडे दिसणाऱ्या भागात जुनी चांगली कौलं निवडून ठेवली आणि मागे मंगलोरी घातली. वीज सगळी वरून, लाकडी पट्टीतून, भिंतीत खाचा मारून पाइप बसवू दिले नाहीत. संडास-बाथरूम परसात नवीन, हलक्या बांधणीचं, जुन्या भिंतीपासून सुटं, जेणेकरून तिथलं पाणी घराच्या मातीत उतरणार नाही. ओट्याची उंची, गॅस, वॉशिंग मशिन, इन्व्हर्टर हे सगळं केलंय. म्युझियम करायचं नव्हतं, राहायचं होतं, माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मुलाला अभ्यासाला उजेड लागतो.

खर्च किती हे सगळे विचारतात. माल स्वस्त आहे, चुना माती वाळू गूळ हे काही महाग नाही, पैसा जातो तो हातांना. माणसं मिळत नाहीत, मिळाली की त्यांचा वेळ लागतो, आणि ती मजुरी आनंदाने द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण गवंडीमामांच्या नातवाने आमच्याकडे चुन्याचं काम पहिल्यांदा हाताने केलं आणि आता तो दुसऱ्या गावी देवळाचं करतोय. आम्ही सगळं एकदम केलंच नाही, आधी छप्पर, मग एक खोली, मग राहायला जाऊन बाकीचं. ह्या क्रमावर मी ठाम आहे. छप्पर कोरडं असेल तर बाकी सगळं थांबू शकतं.

राहायला आलो त्या संध्याकाळी समोरच्या काकू ताट घेऊन आल्या, वरणभात, तोंडलीची भाजी, आणि म्हणाल्या, "अगं किती वर्षांनी ह्या खिडकीत दिवा दिसतोय, मला तर रात्री दार लावताना भीतीच वाटायची समोर अंधार म्हणून." ते मी कधी विचारातच घेतलं नव्हतं, की बंद घर शेजारच्यालाही एकटं पाडतं. दोन्ही बाजूची घरं बंद असली की मधलं म्हातारं माणूस मुलाकडे पुण्याला निघून जातं, आणि मग तिसरं कुलूप.

आता नदी. कृष्णा वर क्षेत्र महाबळेश्वरातून येते, जोरच्या खोऱ्यातून उतरून धोमच्या धरणात थांबते आणि तिथून आपल्याकडे. त्यामुळे इथला पूर म्हणजे वाईतल्या पावसाचा कमी आणि वर डोंगरात काय चाललंय त्याचा जास्त. वाईत रिमझिम असते आणि वर महाबळेश्वरात तुफान, म्हणून आमच्या आळीत सगळे मोबाईलवर वाईचा नाही, महाबळेश्वरचा पाऊस बघतात. धरणातून पाणी सोडणार असले की आधी सूचना फिरते, भोंगा-दवंडी होते, मग घाटावरची जनावरं, टपऱ्या, गाड्या हलवायच्या. पाणी एकेक पायरी चढतं आणि आळीतली जुनी माणसं कुठल्या देवळाच्या कुठल्या दगडाला लागलं त्यावरून सांगतात की अजून किती वेळ आहे. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधलीय, पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्हीकडून निघून जावं म्हणून. फोटोत ती कुणी घेत नाही, सगळे समोरून काढतात, पण पुराच्या दिवशी मागे जाऊन लांबून बघा म्हणजे बांधणाऱ्याचं डोकं कळतं.

जुलै २०२१ च्या पावसात वाईच्या पश्चिम भागात दरडी कोसळल्या, माणसं गेली. ते दिवस मला आठवले की अजून पोटात गोळा येतो. आमच्या आळीत त्या वेळी सगळ्यांनी एकमेकांची म्हातारी माणसं कुठे न्यायची ते ठरवून ठेवलं होतं, किल्ल्या अदलाबदल केलेल्या. आमच्याकडे कागदपत्रं माळ्यावर, धान्याचे डबे उंच फळीवर, मीटर कमरेच्या वर, जोत्याखालचं पाणी जायचं भोक दरवर्षी साफ. आडाचं पाणी नदीबरोबर चढतं, ते बघितलं की बाहेर न जाता अंदाज येतो. ओल तर असतेच. जून ते सप्टेंबर कपाटात कापूर, कडुलिंबाचा पाला, गादी रोज उचलून उभी करायची, आणि भिंतीला कपाट चिकटवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची. ज्याला हे जमणार नाही त्याने नदीकाठी राहू नये, हे मी मैत्रिणीलाही सांगितलं, तिच्याकडे तर वर खारं वारं.

बाकी गैरसोयी आहेत. चारचाकी आळीत येत नाही, लांब लावावी लागते. नोकरीसाठी मी रोज पाचवडमार्गे साताऱ्याला जाते येते, एसटी वेळेत असते असं नाही. शनिवार-रविवार महाबळेश्वरला जाणारी गर्दी वाईत वळते, घाटावर प्लास्टिक पडतं, आणि आपल्या दारात उभं राहून लोक फोटो काढतात. मी चिडत नाही, आत बोलावून चौक दाखवते, पण पाण्याची बाटली घाटावर टाकताना कुणी दिसलं तर थांबवते, आणि गावातली जी मंडळी घाट साफ करायला जमतात त्यांच्यात जमेल तेव्हा जाते. देवळं-घाट रास्त्यांनी बांधून दिले, पायरीवरची शेवाळ आणि कचरा काढायचं काम आपलं आहे.

आणि जे मिळतं ते खूप आहे. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव असतो, सगळ्या घाटांवर पाळीपाळीने, प्रत्येक आळीची आपली कृष्णाबाई आपल्या घाटावर येऊन बसते, कीर्तन, आरत्या, प्रसादाचं जेवण. सांगतात की अफजलखान वाईवरून चालून आला तेव्हा महाराजांच्या यशासाठी नदीला बोललेला नवस, तिथपासून हा उत्सव. आमच्या आळीच्या दिवसांत सांगलीच्या आत्या येतात, माजघरात मुक्काम टाकतात आणि पंगतीला वाढायला सगळ्यांच्या पुढे. मुलाला त्यांनीच शिकवलं की घाटाच्या कुठल्या पायरीखाली डोह आहे आणि तिथे का उतरायचं नाही. फाल्गुनातच जवळच्या बावधनचं बगाड, मे महिन्यात लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमाला, खुर्ची मिळायला लवकर जावं लागतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्या विश्वकोशाचं काम ह्याच गावात बसून उभं केलं त्याचं कार्यालय गंगापुरीत आहे. माझ्या मुलाने शाळेच्या प्रोजेक्टला तिथे जाऊन विश्वकोशाचे खंड हातात घेऊन बघितले, साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये तो गूगलवर संपवायचा.

पाहुणे आले की आम्ही त्यांना मेणवलीला नेतो, नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागचा घाट. तिथे देवळाशी एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी आप्पांच्या सैन्याने आणलेल्यांपैकी. समुद्रकाठच्या चर्चमधली घंटा इथे देशावर कृष्णेकाठी येऊन इतकी वर्षं टिकली कारण तिच्याभोवती देऊळ चालू राहिलं, गुरव रोज झाडतो, कुणीतरी येतं-जातं. वाड्याचंही तेच, जिथे राबता राहिला तिथली भित्तिचित्रं आजही दिसतात.

सध्या आमच्याकडे उत्तरेची एक भिंत आणि वरच्या मजल्याचा कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या नि फळ्यांचं छत, बाकी आहे, तो दिवाळीनंतर काढू. त्याआधी मे महिन्यात शाकारणी, दरवर्षीसारखी, सगळी कौलं उतरवून झाडून फुटकी बदलून परत. डावीकडच्या घराचे मालक ठाण्याला असतात, त्यांचं छप्पर गेल्या पावसात एका कोपऱ्यात बसलंय. त्यांना मी फोटो पाठवले, त्यांचा फोन आला, आधी म्हणाले विकायचंय, मग म्हणाले बहिणीशी बोलतो. गवंडीमामांचा नातू आमच्या शाकारणीला येणारच आहे, तर त्याच दिवशी त्यांच्या कोपऱ्यावर निदान ताडपत्री आणि चार वासे घालून घ्यायचं ठरलंय, खर्च ते पाठवतायत, किल्ली आता माझ्याकडे आहे आणि आठवड्यातून एकदा मी त्यांच्या खिडक्या उघडून येते.